तारेखालचे झाड छाटावे कोणी?

वैशाख सरत आला आणि वळवाची पहिली सर येऊन गेली, की शहरांतील पुष्कळ घरांत एकच प्रश्न एकाच आठवड्यात उपस्थित होतो. आवारातील आंबा किंवा गुलमोहोर रस्त्यावरच्या विजेच्या तारांना भिडलेला असतो. वारा सुटला की फांदी तारेवर आपटते, ठिणगी उडते, घरातील दिवे क्षणभर मंदावतात आणि पुन्हा उजळतात. घराचा मालक म्हणतो, तार वीज कंपनीची आहे, तिने फांदी तोडावी. कंपनीचा मनुष्य म्हणतो, झाड खासगी आहे, मालकाने तोडावे. नगरपालिकेचा कारकून म्हणतो, परवानगीवाचून कोणीच तोडू नये. तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते. परंतु तिघे खरे बोलत असता झाड मात्र वाढतच राहते. अखेर एखाद्या रविवारी कोयता घेतलेला एक मजूर बोलावला जातो, दिवसाची मजुरी ठरते, आणि ज्याचा ह्या वादाशी काडीइतकाही संबंध नाही असा तो मनुष्य झाडावर चढतो.

जबाबदारीची चर्चा करताना ह्या चौथ्या मनुष्याचा सहसा कोणी विचार करीत नाही. वस्तुतः सगळा धोका त्याच्याच अंगावर असतो. म्हणून तारेखालचे झाड कोणी छाटावे, हा प्रश्न नुसता खर्चाचा किंवा अधिकाराचा नाही. तो एका मनुष्याच्या जिवाचा आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

धोका नेमका कशात आहे, हे समजण्यासाठी घरासमोरच्या खांबाकडे एकदा नीट पाहावे. पुष्कळ खांबांवर तारांचे दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर चिनी मातीच्या विद्युतरोधकांवर ताणलेल्या तीन तारा असतात. त्यांतून बहुधा ११,००० व्होल्ट दाबाची वीज वाहते. ती रोहित्रात, म्हणजे लोक ज्याला ‘डीपी’ म्हणतात त्यात, उतरते आणि तेथून कमी दाबाची होऊन खालच्या मजल्यावरील तारांनी घरोघर जाते. खालच्या तारांत दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट आणि फेज व न्यूट्रल ह्यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट दाब असतो. त्यांच्याही खाली दूरध्वनीच्या आणि दूरदर्शन-केबलच्या तारा लोंबत असतात. खालून पाहणाऱ्यास ह्या सर्व तारा सारख्याच दिसतात, आणि पहिली चूक येथेच होते. दुसरी चूक अशी, की घरातील वायरीप्रमाणे बाहेरच्या तारांवरही रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन असेल, असे अनेकांस वाटते. परंतु खांबावरच्या बहुतेक तारा ॲल्युमिनियमच्या आणि उघड्या असतात. त्यांच्याभोवतीची हवा हेच त्यांचे वेष्टन. अलीकडे काही वस्त्यांत वेष्टन असलेल्या तारांचा पीळ, म्हणजे ‘एबी केबल’, बसविण्यात येतो. त्याने धोका पुष्कळ कमी होतो. तथापि वर्षानुवर्षे एकच फांदी घासत राहिली तर ते वेष्टनही झिजते.

तारेवर चिमणी सुखाने बसते, मग मनुष्यालाच अपाय का व्हावा, असे मुले नेहमी विचारतात. चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. तिच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत दाबात फरक नसतो, म्हणून तिच्या अंगातून प्रवाह जाण्याचे कारण उरत नाही. शिडीवर किंवा झाडावर असलेल्या मनुष्याची स्थिती अगदी उलट असते. त्याचा हात तारेकडे आणि पाय पृथ्वीकडे असतात. तो स्वतःच दोहोंमधील पूल होतो. ओली फांदी ही वाळलेल्या लाकडासारखी नसते. तिच्यात पाणी आणि क्षार असलेला रस असतो, आणि असा रस वीज वाहून नेतो. पावसात भिजलेला बांबू, ओला दोर, लोखंडी पाते लावलेली आकडी आणि ॲल्युमिनियमची शिडी ह्यांचीही गोष्ट तशीच. तारेला हात लागला पाहिजे असेही नाही. तोडलेली फांदी पडता पडता तारेवर अडकली आणि तिचे दुसरे टोक मजुराच्या हातात राहिले, एवढे पुरे होते.

येथे एक आक्षेप घेतला जातो. फांदी तारेस लागली तर फ्यूज उडेल, किंवा उपकेंद्रातील यंत्र आपोआप प्रवाह तोडील, मग भय कसले? परंतु फ्यूज मोठ्या प्रवाहाने उडतो. झाडाच्या ओल्या लाकडातून जमिनीत जाणारा प्रवाह माणसास मारण्याइतका असतो, पण गल्लीतील घरांना लागणाऱ्या प्रवाहापुढे तो क्षुल्लक असू शकतो; यंत्रास तो वेगळा ओळखताच येत नाही. तार तुटून कोरड्या डांबरावर पडली तरी कधी कधी असेच होते. यंत्र स्वस्थ राहते आणि रस्त्यावर पडलेली तार जिवंत असते.

दुसरा समज ह्याहूनही घातक आहे. ‘आत्ता वीज गेली आहे, तेवढ्यात फांदी तोडून घ्या,’ असे सहज म्हटले जाते. घरातील दिवे गेले म्हणजे वरच्या ११,००० व्होल्टच्या तारा मेल्या असे नव्हे. बिघाड केवळ खालच्या तारांत असू शकतो. गेलेली वीज कोणत्याही क्षणी, काही सूचना न देता, परत येते. आणि शेजारच्या घरातील जनरेटर चुकीच्या रीतीने जोडलेला असेल, तर त्याची वीज उलट दिशेने तारांत शिरू शकते. म्हणूनच वीज कंपनीचा जाणता लाइनमन अंधारावर विश्वास ठेवीत नाही. तो तो भाग खटका पाडून वेगळा करतो, कामाचे परमिट घेतो, तारांत वीज नाही ह्याची चाचणी करतो, सर्व तारा एकमेकींस आणि जमिनीस जोडून अर्थिंग करतो, आणि मगच झाडास हात लावतो. ह्या क्रमातील एकही पायरी घरमालकाच्या हातची नाही. झाड कोणाचेही असो, तारेलगतची छाटणी ही कंपनीच्या देखरेखीवाचून होता कामा नये, ह्याचे कारण कायद्याच्या आधी ह्या क्रमात आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. विद्युत अधिनियम, २००३ ह्याच्या कलम ६८ मध्ये ह्या प्रश्नाचा प्रत्यक्ष विचार केलेला आहे. एखादे झाड तारेच्या कामात अडथळा आणीत असेल, किंवा आणण्याचा संभव असेल, तर वीज कंपनीने अर्ज करावयाचा. आणि कार्यकारी दंडाधिकारी किंवा सरकारने नेमलेला अधिकारी त्या झाडाची योग्य ती व्यवस्था करवून घेऊ शकतो. झाड ह्या शब्दात झुडूप आणि कुंपणही येते. ह्याच कलमात पुढे एक मार्मिक गोष्ट आहे. आधी झाड होते की आधी तार आली, हे कायदा विचारतो. तार ओढण्यापूर्वीपासून झाड उभे असेल, तर ज्याचा त्या झाडात हितसंबंध आहे त्याला वाजवी नुकसानभरपाई देण्यास दंडाधिकाऱ्यास सांगितले आहे, आणि ती कंपनीकडून वसूल करता येते. उलट, खांब आणि तारा डोळ्यांसमोर असता ज्याने त्यांच्या बरोबर खाली वडाचे किंवा निलगिरीचे रोप लावले, त्याला हा हक्क सांगता येणार नाही. आजोबांनी लावलेला आंबा आणि गेल्या वर्षी लावलेले झाड ह्यांत कायदा फरक करतो, आणि तो न्याय्यच आहे.

परंतु कंपनीला तारा मोकळ्या ठेवण्याचा अधिकार आहे, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. महाराष्ट्रातील शहरांसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा आहे. त्यानुसार महानगरपालिका व नगरपरिषदा ह्यांमध्ये वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असतात. ह्या कायद्याने ‘झाड तोडणे’ ह्या शब्दांचा अर्थ पुष्कळ व्यापक केला आहे. झाड जाळणे, कापणे किंवा त्यास कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सर्व त्यात येते. झाड स्वतःच्या आवारात आहे, स्वतः लावलेले आहे, ही सबब येथे चालत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षणही दिले. तेव्हा खासगी आवारातील झाडाची मोठी छाटणी करण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज केला पाहिजे. झाड तारांस लागत असेल, तर ते अर्जात स्पष्ट लिहावे, म्हणजे प्रकरण सामान्य अर्जांच्या ढिगात पडून राहणार नाही.

ह्यावरून जबाबदारीची वाटणी पुरेशी स्पष्ट होते. तारा सुरक्षित ठेवणे, झाड छाटताना त्यांतील प्रवाह बंद करणे आणि तारेलगतचे काम जाणत्या माणसांकडून करवून घेणे, हे वीज कंपनीचे काम. रस्त्यावरील झाडांची निगा आणि खासगी झाडांच्या छाटणीची परवानगी, हे नगरपालिकेचे काम. आवारातील झाडावर लक्ष ठेवणे, वेळेवर कळविणे, परवानगी मागणे आणि तारेपासून दूर असलेल्या भागाची छाटणी करवून घेणे, हे मालकाचे काम. गृहनिर्माण सोसायटीत मालकाच्या जागी कार्यकारी समिती असते. बिऱ्हाडकरूने तारा पाहिल्या तर त्याने मालकास लेखी कळवावे, आणि मालक दुर्लक्ष करीत असेल तर स्वतः कंपनीस कळवावे. वीज मालक व भाडेकरू असा भेद करीत नाही. मीटरच्या पुढची, घरातील व आवारातील वायरिंग मात्र ग्राहकाची. बागेतील दिव्यासाठी आंब्याच्या खोडास खिळे ठोकून नेलेली वायर कंपनीने येऊन पाहावी, अशी अपेक्षा करू नये.

कंपनीची जबाबदारी किती कडक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सांगितले. १९९७ च्या ऑगस्टमध्ये एका पावसाळी रात्री सायकलवरून घरी जाणारा एक कामगार रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेस लागून मृत्यू पावला. कोणा तिऱ्हाइताने चोरून वीज घेण्यासाठी तार ओढली होती, त्यात आमचा दोष नाही, असे तेथील विद्युत मंडळाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. जो स्वभावतःच धोकादायक अशा वस्तूचा व्यवहार करतो, त्याने ती वस्तू निसटून दुसऱ्यास अपाय करणार नाही ह्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे. निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी तो भरपाईतून सुटत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तार तुटून रस्त्यावर पडली तर ती जिवंत राहू नये, अशी तजवीज करणेही पुरवठादाराकडेच येते.

मात्र हा निर्णय वाचून मालकाने हात झटकू नयेत. तारेचे भय ठाऊक असता ज्याने कंपनीस न कळविता रोजंदारीवरचा मनुष्य झाडावर चढविला, त्याच्याविषयी कायदा वेगळा प्रश्न विचारील. अविचाराने किंवा हयगयीने एखाद्याचा मृत्यू घडविणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये त्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. ‘तोच म्हणाला, मला सवय आहे,’ हे उत्तर तेथे फारसे उपयोगी पडणार नाही. ज्याची चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य कितीसे असते? त्याची ‘सवय’ म्हणजे पुष्कळदा एवढेच, की आजवर त्याचे दैव चांगले होते.

तर मग सामान्य कुटुंबाने करावे काय? वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास, आवारातील झाडे व तारा ह्यांमधील अंतर जमिनीवर उभे राहून पाहावे. पाहण्यासाठी झाडावर किंवा गच्चीच्या कठड्यावर चढू नये. पाने तारेपाशी करपलेली दिसली, वाऱ्यात ठिणग्या उडाल्या, किंवा फांदी पुढच्या पावसाळ्यात तारेपर्यंत पोहोचेल असे वाटले, तर कंपनीच्या स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्जात पत्ता, ग्राहक क्रमांक, जवळच्या खांबावर रंगविलेला क्रमांक, झाडाची जात आणि फांदी वरच्या तारांस लागते की खालच्या, हे लिहावे. छायाचित्र जोडावे आणि अर्जाची पोच घ्यावी. एक प्रत वृक्ष अधिकाऱ्यास द्यावी. कंपन्या पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, देखभालीसाठी वीज बंद ठेवून तारांवरील फांद्या काढतात. फेब्रुवारीत दिलेला अर्ज त्या कामात सामावतो, जूनमध्ये दिलेला सामावत नाही. त्या दिवशी तीन-चार तास पंखा बंद राहिला म्हणून दूरध्वनीवरून रागावणाऱ्या सद्गृहस्थांनी, खांबावर कोण उभे आहे ह्याचा क्षणभर विचार करावा.

तार तुटून पडलीच, तर तिच्याजवळ कोणासही जाऊ देऊ नये. निदान दहा मीटर दूर राहावे. ओल्या जमिनीत वीज तारेच्या टोकापासून सभोवार पसरते आणि दूर जाता जाता तिचा दाब कमी होतो. त्यामुळे लांब पाऊल टाकणाऱ्याच्या दोन पायांखालचा दाब निरनिराळा असतो आणि प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. मनुष्य चुकून त्या टापूत सापडलाच, तर त्याने दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत बाहेर यावे. तारेस चिकटलेल्या माणसास ओढण्यासाठी धावणारा दुसरा मनुष्य बहुधा दुसरा बळी होतो. प्रथम १९१२ ह्या क्रमांकावर वीज कंपनीस आणि ११२ वर आपत्कालीन सेवेस कळवावे, व प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत इतरांस रोखून धरावे. अशा वेळी रोखून धरणे हेच मोठे धैर्य आहे.

छाटणी कशी व्हावी, हाही प्रश्न जबाबदारीचाच भाग आहे. कारण वाईट छाटणी पुढच्या वर्षीचा धोका पेरून जाते. पुष्कळदा तारेखालच्या झाडाचा शेंडाच सपाट उडवून देतात. झाड त्या जागी दाट धुमारे फोडते. ते झपाट्याने वाढतात, खोडाशी त्यांची जुळणी कच्ची असते, आणि एक-दोन पावसाळ्यांत ते पुन्हा तारेशी येऊन पोहोचतात व वादळात मोडतात. अमेरिकेतील वनवैज्ञानिक ॲलेक्स शायगो (१९३० ते २००६) ह्यांनी हजारो झाडे चिरून दाखविले, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही; झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून वेगळा पाडते. फांदी जेथून फुटते तेथे जी फुगीर वळी असते, तिच्यात ही शक्ती विशेष असते. म्हणून ती वळी शाबूत ठेवून, तिच्या बाहेर काप घ्यावा. जड फांदी एकदम वरून कापू नये. प्रथम खोडापासून थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप, मग किंचित पुढे वरून काप, आणि भार उतरल्यावर उरलेल्या खुंटास वळीजवळ शेवटचा काप, असे तीन काप घेतले म्हणजे साल ओरबाडली जात नाही. तारेकडे जाणारी फांदी मधेच न तोडता, तारेपासून दूर वाढणाऱ्या उपफांदीपाशी कापली, तर झाड स्वतःच तारेकडे पाठ फिरवून वाढू लागते.

नारळाची गोष्ट निराळी. त्याला वाढीचा एकच कोंब असतो. शेंडा छाटला की झाड मेलेच. म्हणजे तारेखाली वाढलेल्या नारळाची उंची कमी करण्याचा उपाय कोणाकडेही नाही. तो लावतानाच जागा पाहून लावला पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड जिल्ह्यात माड, पोफळी, आंबे आणि विजेचे खांब एकमेकांवर कोसळले आणि पुष्कळ गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. एवढ्या वादळापुढे छाटणीचा इलाज तोकडाच. परंतु मागाहून प्रत्येक पडलेल्या झाडाखाली तार आहे की नाही, हे पाहत पाहतच लाइनमनांना वाट काढावी लागली.

मुंबई बेटाच्या शहर भागात विजेच्या तारा बहुतेक जमिनीखालून गेल्या आहेत, त्यामुळे तेथे हा वाद कमी आढळतो. परंतु महाराष्ट्रातील इतर बहुतेक शहरांत खांब आणि झाड ह्यांना एकाच अरुंद पट्टीत, भिंत आणि रस्ता ह्यांच्या मध्ये, राहावयाचे आहे. तेथे नवे झाड लावणाऱ्याने वर पाहून लावावे. पारिजातक, कढीलिंब, डाळिंब, जास्वंद, कण्हेर, अनंत, लिंबू ही तारांच्या खाली शोभतात आणि तारांपर्यंत सहसा जात नाहीत. वड, पिंपळ, वर्षावृक्ष, निलगिरी ह्यांना मोकळे आभाळ द्यावे.

सारांश, झाड मालकाचे, तार कंपनीची आणि परवानगी नगरपालिकेची. ह्यांपैकी प्रत्येकाने आपला वाटा उचलला तर छाटणीस अर्धा दिवस पुरतो. एकानेही तो टाळला, तर टाळलेली जबाबदारी नाहीशी होत नाही. ती उतरत उतरत कोयता हातात असलेल्या माणसापाशी येऊन थांबते, आणि त्याला मात्र ती पुढे ढकलण्यास कोणीच उरलेले नसते. म्हणून त्यास बोलावण्यापूर्वी घरमालकाने एकच प्रश्न विचारावा : तारेतील वीज कोणी बंद केली आहे, आणि ती बंद असल्याचे कोणी तपासले आहे? ह्याचे उत्तर नावानिशी देता येत नसेल, तर त्या दिवशी झाडास कोणी हात लावू नये.